बारावी ओळ

"बाराव्या ओळीत तुम्ही नक्की काय करता, बाई?" इंजिनियरनं विचारलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ते माहीत नाही. विचारणाऱ्याचा सूर साधाच होता. कानावर पेन्सिल, एका हातात थंड झालेला चहा, दुसऱ्या हातात डब्याचं झाकण. तो उत्तर लिहून घेऊन पुढच्या कामाला लागणार होता. तिनं तोंड उघडलं आणि उत्तर जिथं असायला हवं होतं तिथं काहीच नव्हतं. अंधारात अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि एकदम जमीनच लागावी, तसं झालं. तेरा वर्षं ती रोज सकाळी सात वाजता या यंत्रासमोर बसत होती. ऑफिसात तिला सगळे सकाळबाई म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. अठरा ओळी, प्रत्येक ओळीला सोळा खटके, कुठला वर, कुठला खाली, हे तिला विचारणं म्हणजे चालताना आधी कुठला पाय टाकता असं विचारण्यासारखं होतं. "थांबा हं," ती म्हणाली, "आठवते." आणि आठवायला गेली तशी आत काहीतरी दूर सरकत गेलं.

एवढा मोठा कॉम्प्युटर, सबंध दालन व्यापून बसलेला, चौदा लोखंडी कपाटं, थंड हवा, आणि सकाळी तो ठार निरक्षर असतो, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर पटत नसे. हवामान कार्यालयातलं उद्याच्या हवामानाचं गणित इतकं अवाढव्य, की दिवसभरात ते यंत्राच्या स्मरणातली शेवटची खोलीसुद्धा अडवून बसे. संध्याकाळी वीज बंद केली, की दुसऱ्या दिवशी यंत्राला काहीही येत नसे. सगळं शहाणपण भोकं पाडलेल्या कागदी फितीवर होतं. पण फीत कशी वाचायची तेही फितीवरच लिहिलेलं, आणि ते वाचायला आधी वाचता यायला हवं. घोडं तिथं अडायचं. म्हणून रोज सकाळी एका माणसानं समोर बसून, खटके वर-खाली करून, अठरा ओळींचं पहिलं अक्षरज्ञान हातानं आत घालायचं. एक ओळ लावायची, कडेची पितळी कळ दाबायची, दिवे लुकलुकले की पुढची ओळ. अठरा झाल्या की फीत लावायची आणि 'चालू'. मग फीत सरसर आत जाई, दिवे पळायला लागत, आणि दालनात एक घरघर भरून येई. ती घरघर सुरू झाली की मगच ती चहाचा कप उचलत असे. या सगळ्याला अकरा मिनिटं लागत. तेरा वर्षांत ना बारा झाली, ना दहा.

इंजिनियरनं आणलेला डबा पोळ्यांच्या डब्याएवढा होता. आत त्याच अठरा ओळी तारांनी पक्क्या विणलेल्या, आणि बाहेर एकच बटण. ते त्यानं कुठल्याशा मोडीत काढलेल्या लिफ्टमधून आणलं होतं. त्यावर अजून वर जाणारा बाण होता. माणूस वाईट नव्हता. दोन मुली होत्या त्याला. रोज सकाळी त्यांच्या वेण्या घालून तो कामावर येई, आणि त्याच्या बाहीला कधी कधी रिबिनीचा धागा चिकटलेला असे. डबा बसवताना त्यानं तिच्याकडं न बघताच म्हटलं होतं, "तुमचे हात दुखतात असं ऐकलं, म्हटलं जरा सोय होईल." तिचे हात कधीच दुखले नव्हते. पण तिनं डब्यावरची धूळ पुसली होती, चांगलं आहे म्हटलं होतं, आणि घरी जाऊन काही कारण नसताना दोन वेळा भांडी घासली होती. ओळी त्यानं कार्डावरून घेतल्या. ते कार्ड खटक्यांशेजारी काचेखाली सरकवलेलं असायचं, आधीच्या इंजिनियरच्या सुबक अक्षरातलं. काचेवर तिच्या कपाचे इतके गोल उमटले होते की अर्धं कार्ड दिसतच नसे. ते वाचायची गरज तिला पहिल्या महिन्यानंतर कधी पडलीच नव्हती.

आणि आज सकाळी सात वाजता त्यानं बटण दाबलं. दिवे डोळ्यांदेखत धावत बारापर्यंत गेले आणि तिथं थिजले. फीत जागची हलली नाही. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा बारा. त्यानं झाकण काढून एकेक तार कार्डाशी ताडून बघितली; शंभर टक्के बरोबर. मग तो मान वर करून हळूच म्हणाला, "म्हणजे कार्ड चूक आहे. आणि तुम्ही रोज चालू करता, म्हणजे तुमचा हात कार्डाप्रमाणं चालत नाही." आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला.

"सरका, करूनच दाखवते," ती म्हणाली. खुर्ची पुढं ओढली, हात खटक्यांवर ठेवले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांकडं कान दिला. तिथंच चूक झाली. बोटं परक्यासमोर गाणं म्हणायला उभ्या केलेल्या पोरीसारखी बुजली. नऊ, दहा, अकरा आणि बाराव्या ओळीच्या तोंडाशी ती थांबली. डावीकडचे खटके ठीक, मधले ठीक, मग शेवटी शेवटी एक धुकं. ती पुन्हा पहिल्यापासून आली. पुन्हा अडली. इंजिनियर पाठ फिरवून उभा राहिला, तरी अडली. "असं करू," तो म्हणाला, "मी गप्पा मारतो, तुमचं लक्ष दुसरीकडं जाईल." आणि तो आपल्या धाकटीच्या वेणीबद्दल सांगायला लागला, की ती कशी एका जागी बसत नाही, भांग सरळ पडलाच पाहिजे म्हणते आणि मान मात्र खिडकीकडं. तिला हसू आलं, बोटं आपोआप सुटली, आठ, नऊ, दहा, आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं की आता जमतंय, की झालं! हात हवेत तसाच. अंदाजानं एखादा खटका टाकून बघायची सोय नव्हती. शेजारच्या फिरत्या चुंबकी ड्रमवर वीस वर्षांच्या हवामानाच्या नोंदी साठवलेल्या होत्या. नको तो हुकूम गेला तर यंत्र त्यावरच लिहीत सुटलं असतं. "सोळा खटके," इंजिनियर पेन्सिलीनं डोकं खाजवत म्हणाला, "पासष्ट हजार पाचशे छत्तीस तऱ्हा. कपाट उघडून तारा मोजत बसलो तर दोन दिवस. थोरल्यांनी कुठून काय जोडलंय, नकाशात काही नाही."

थोरले म्हणजे आधीचे इंजिनियर. हे यंत्र त्यांनीच उभं केलं होतं, आणि तिलाही. निवृत्त होऊन ते मुलीकडं राहायला गेले होते. कार्यालयाच्या मुख्य साहेबांनी त्यांना फोन लावायला सांगितला. तिनंच लावला. पलीकडून नातवंडांचा कालवा, मग थोरल्यांचा आवाज, पूर्वीपेक्षा मोठा, कारण आता त्यांना ऐकू कमी येत होतं. "बारावी ओळ? कार्डावर आहे ती! मी लिहिलीय!" ते ओरडले. "कार्डाप्रमाणं होत नाही," ती म्हणाली. "मग तुम्ही लोक कार्ड नीट वाचत नाही. मी आयुष्यात चूक लिहिलेलं नाही. तू बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?" तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी दुपारी कार्यालयातल्या चार जुन्या माणसांनी नकाशावर हातानं रेघा ओढल्या, एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं, आणि उद्याचं हवामान आजच्यासारखंच राहील असं कळवून टाकलं. साहेब तिच्या टेबलापाशी येऊन एवढंच म्हणाले, "उद्यापर्यंत बघा काय ते." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

घरी जाताना ती बसच्या खिडकीशी बसली. काचेवर तिची बोटं आपली वर-खाली, वर-खाली चालली होती, अकराव्या ओळीपर्यंत. बाहेर दिवस कलत होता, दुकानांतले दिवे लागत होते, फुटपाथवरची माणसं पाण्यातून चालल्यासारखी हळू दिसत होती, आणि त्यांत तिला तिचा भाऊ दिसला. बगलेत छत्री, दुसऱ्या हातात जेवणाचा रिकामा डबा, उजवा गुडघा जरा बाहेर टाकत चाललेला. चष्म्याच्या दुकानात तो भिंगं घासत असे. दिवसभर उभ्यानं काम, आणि वर जाता-येता पाऊण पाऊण तास पायी. बसमध्ये तो बसत नसे. त्याच्या घरी पाहुण्यांनासुद्धा हा किस्सा ठाऊक होता, त्याची बायको हसत सांगायची, "आमच्याकडं बसचं नाव काढायचं नाही हं." पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी त्यानं बस कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं होतं, की अमुक तारखेला सकाळी तुमची गाडी उशिरा आल्यामुळं माझ्या बहिणीला आईची शेवटची भेट झाली नाही. उत्तर आलं, की आमच्या नोंदीप्रमाणं त्या दिवशी सर्व गाड्या वेळेवर होत्या. चोर तो चोर, वर शिरजोर, असं म्हणून त्यानं ते फाडून टाकलं आणि त्या दिवसापासून पायी चालायला लागला. बस त्याला मागं टाकून पुढं गेली. तिनं मान दुसरीकडं वळवली. रोजच वळवायची, आज फक्त तिला कळलं की आपण वळवतो.

आईच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहत होती. स्वयंपाकघरातलं टेबल आईच्या वेळचं, एका कोपऱ्यात सुरीच्या खुणा. दिवा लावून ती तिथं बसली आणि टेबलाच्या कडेवर बोटं ठेवली. याच टेबलाशी आई तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायची. पोळ्या लाटता लाटता, पाठ करून उभी. सतराचा पाढा हा तिचा जन्माचा वैरी. सतरा सातापाशी जीभ अडायची, आणि मग ती हळूच पुढून उडी मारायला बघायची, सतरा दाहे तर कुणालाही येतं. पण आईचे कान पाठीवर होते. "मधूनच कुठं चाललीस? अडलं की पहिल्यापासून." "आई, एवढं एकच गं." "पहिल्यापासून. अडलेला पाढा मागून धक्का देऊन सुटतो, पुढून ओढून नाही." पोळपाटाचा ठेका चालू, पिठाचा वास, आणि आपली वेणी मानेला टोचते आहे. भाऊ टेबलाखाली बसून तिच्या पायाच्या बोटांना दोरा बांधायचा. त्याला पाढे आधीच येत होते, ऐकून ऐकून. पण तो कधी सांगायचा नाही, फक्त खालून पायाला चिमटे काढायचा, सात वेळा, मग एकशे एकोणिसातले वरचे एकोणीस वेळा. ती हसायची आणि मार खायची. थोरल्यांनी ओळी शिकवल्या त्यासुद्धा पाढ्यासारख्याच. वर खाली खाली वर, खाली खाली वर वर. पहिल्या महिन्यात ती त्या झोपेत म्हणायची आणि आई विचारायची, हे कसलं गं वर-खाली, कुठं लिफ्ट चालवायला ठेवलंय का तुला.

तिनं टेबलावर पहिली ओळ टाकली. दुसरी. अकरावी. अडली. पहिल्यापासून. अडली. आणि मग, बोटं तशीच टेबलावर असताना, तिच्या मनात आलं की पहिल्यापासून म्हणजे पहिल्या ओळीपासून नव्हे. ही ओळ कार्डावर एक आहे आणि हातात दुसरी, म्हणजे कधीतरी ती बदलली असणार. कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी ती बदलली, आणि तो दिवस काही तिला सापडत नव्हता. तेरा वर्षांतली एकेक सकाळ पाटावर मांडल्यासारखी तिच्यापुढं होती, आणि मध्ये एका सकाळच्या जागी भोक होतं. ते भोक तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. त्याच्या कडेकडेनं ती नऊ वर्षं चालत आली होती. आत मात्र कधी डोकावली नव्हती.

मंगळवार होता. फीत वाचायचं यंत्र नवीन आलं होतं, जुन्यापेक्षा बुटकं, रंगाचा वास अजून न गेलेलं. थोरल्यांनी आदल्या दिवशी बसून ते जोडलं, आणि सकाळी तिनं नेहमीप्रमाणं कार्डावरच्या अठरा ओळी टाकल्या तर दिवे बारावर थिजले. थोरले यंत्राला एक शेलकी शिवी देऊन कपाटामागं गेले, तिथून त्यांची टक्कल पडलेली टाळू तेवढी दिसत होती, आणि मग हसत बाहेर आले. "अगं, फीत आत यायचं दारच बदललंय. जुन्या दाराशी वाट बघत बसलंय बिचारं." ते तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. त्यांची तीन जाड बोटं तिच्या तीन बोटांवर आली. "पहिल्यापासून घे. बाराव्यात शेवटचे तीन, खाली वर वर नाही. आजपासून वर, खाली, वर. कार्ड मी दुपारी नवीन लिहितो." आणि भिंतीवरचा फोन वाजला. भाऊ होता. "ताई, डॉक्टर म्हणतात लगेच बोलाव. आई तुला विचारतेय. लगेच निघ." तिनं फोन ठेवला. थोरल्यांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "जा तू. मी बघतो इथलं." फाटकाबाहेरच बसचा थांबा. बस येईल पाच मिनिटांत. हे सगळं तिला माहीत होतं. "एवढं करून जाते," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

का, हे नऊ वर्षांत तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. आता स्वयंपाकघरात ते आपण होऊन समोर आलं आणि त्यात काही मोठं नव्हतं. हवामानाची काळजी नव्हती, कर्तव्य वगैरे तर नव्हतंच. तिला भीती वाटली होती. दवाखान्यातल्या त्या खोलीत काय आहे ते तिला माहीत होतं, आणि इथं अठरा ओळी होत्या, प्रत्येकीला सुरुवात आणि शेवट असलेल्या. जोवर ओळी चालू आहेत तोवर तिकडं काही होणार नाही असं काहीतरी पोरकट मनात घट्ट धरून ती बसली होती. पहिली ओळ. दुसरी. काचेतून फाटक दिसत होतं. ती आठवीवर होती तेव्हा बस आली, अगदी वेळेवर, थांबली, दोन बायका चढल्या, आणि बस गेली. तिनं बघितली. नववी ओळ. दहावी. बाराव्यात शेवटचे तीन: वर, खाली, वर. दिवे पळाले, फीत सरसरली, घरघर भरून आली, थोरले म्हणाले, आता तरी जा गं. ती पुढच्या बसनं गेली. दवाखान्याच्या जिन्यात भाऊ पायरीवर बसला होता. त्याचे डोळे कोरडे होते. "पाच मिनिटं झाली," तो म्हणाला. "सारखी विचारत होती, ताई आली का, ताई आली का. मी म्हटलं, येतेय, बसमध्ये आहे." आणि मग वर बघून, "एवढा वेळ कसा लागला गं?" तिच्या तोंडून शब्द आपोआप आले, पाढ्यासारखे, न अडखळता. "बस उशिरा आली."

कार्ड थोरल्यांनी दुपारी लिहिलं नसणार. ते दवाखान्यात आले होते, संध्याकाळपर्यंत तिथंच होते. नंतर ना त्यांना आठवलं, ना तिनं आठवण केली. तिची बोटं तेवढी इमानानं रोज सकाळी ते तीन खटके टाकत राहिली, वर, खाली, वर, आणि तिला काही विचारलं नाही. मग तिनं बाराव्या ओळीसकट अठराच्या अठरा ओळी टेबलावर टाकून बघितल्या. हात लोण्यासारखा फिरला. आणि त्याबरोबर एक हलकट विचारही आला. आला ते नाकारण्यात अर्थ नाही. हात परत आला होता. उद्या गुपचूप बसून यंत्र चालू केलं तर? इंजिनियरला सांगायचं, काय करू, बोटांना येतं, तोंडाला येत नाही. तो बिचारा तारा मोजत बसेल, कंटाळेल, डबा कपाटावर जाईल. सकाळ तिची राहील. ते खरंच तिचं सगळं होतं. नवरा नाही, मूल नाही, रोजची ती अकरा मिनिटं होती. असा विचार करत करतच ती झोपली.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली. इंजिनियर तिच्याही आधी आलेला. कपाट उघडं, तारांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या, आणि बाहीला निळ्या रिबिनीचा धागा. "आज धाकटीची वेणी वाकडी झाली," तो कसनुसं हसून म्हणाला. "रडली." ती खुर्चीत बसली. हात खटक्यांवर ठेवले आणि ते चालायला लागले, आपल्या आपण, तेरा वर्षांच्या सवयीनं. इंजिनियरचं लक्ष तारांत होतं. त्याला तर कळलंही नसतं. दहावी ओळ. अकरावी. काचेतून फाटक दिसत होतं आणि थांब्यावर कुणी नव्हतं. बाराव्या ओळीपाशी तिनं हात उचलून मांडीवर ठेवले. तिच्या डोळ्यांपुढं काल संध्याकाळचा भाऊ होता, गुडघा बाहेर टाकत चाललेला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "बाराव्या ओळीत शेवटचे तीन. कार्डावर खाली, वर, वर आहे. ते वर, खाली, वर पाहिजे. फीत वाचायचं यंत्र बदललं तेव्हा बदललं."

तो तारांतून मान काढून बघत राहिला. "आठवलं? कधी बदललं हे?"

"नऊ वर्षांपूर्वी. मंगळवारी."

"वार पण आठवतो?" त्यानं डबा पुढं ओढला. "वा! धन्य आहे तुमची."

डाग देऊन दोन तारा हलवायला त्याला थोडाच वेळ लागला. राळेचा धूर सरळ वर गेला आणि थंड हवेत पसरला. भिंतीवरच्या घड्याळात सात झाले तेव्हा त्यानं डबा तिच्यापुढं सरकवला. "तुम्हीच दाबा." तिनं बाण असलेलं बटण दाबलं. दिवे धावत वर गेले, बारावर थांबलेच नाहीत, फीत सरसर आत गेली, आणि ती हात मागं घेते न घेते तोच दालनात घरघर भरून आली. ती तशीच बसून राहिली. काहीतरी करायचं राहिलंय असं तिच्या हातांना वाटत होतं. ते मांडीवर जरासे हलले आणि थांबले. घड्याळाचा काटा सातवरून हललाही नव्हता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं की," इंजिनियर म्हणाला. तो खरोखरच खूश होता. "आता रोज सकाळी तुम्हाला अकरा मिनिटं मोकळी! काय करणार त्यांचं?"

तो गमतीनं म्हणाला होता. पण ती अकरा मिनिटं तिच्या छातीवर येऊन बसली. एवढीच हवी होती. त्या मंगळवारी हा पोळ्यांचा डबा इथं असता, तर करून जाते म्हणायलासुद्धा काही उरलं नसतं. लपायला एक ओळ मिळाली नसती, भीती घेऊन का होईना बसमध्ये बसावं लागलं असतं, आणि ती पोचली असती. ती उठली. स्वेटर खुर्चीवरच राहिला. जिना, व्हरांडा, झाडून घेणारी बाई, "सकाळबाई, आज बाहेर कशा?" असा तिचा प्रश्न, मग अंगणातलं चढतं ऊन. या वेळचं ऊन तिनं कामाच्या दिवशी कधी पाहिलंच नव्हतं. ते फिकट आणि कोवळं होतं, फाटकाच्या गजांच्या लांब सावल्या जमिनीवर पडल्या होत्या, वर, खाली, वर, आणि ती त्यांच्यावरून चालत बाहेर आली. भाऊ रोज याच वेळी इथून जातो हे तिला ठाऊक होतं. "तुझ्या फाटकावरून जातो, आत बघतो, तू काही दिसत नाहीस," असं तो कधीतरी म्हणाला होता. दिसणार कशी? ती ओळींत असायची.

तो वळणावर दिसला. छत्री, डबा, गुडघा. तिला बघून त्याची पावलं चुकली. "ताई? काय झालं? यंत्र बंद पडलं का?"

"नाही. चालू झालं."

"एवढ्यात?"

"एवढ्यात." तिनं श्वास घेतला. आता मधून उडी मारायची नव्हती. "आई गेली त्या दिवशी बस वेळेवर आली होती."

रस्त्यावरून एक सायकल गेली. त्यानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मी थांब्यावर नव्हते," ती म्हणाली. "तुझा फोन आला तेव्हा मी निघायला हवं होतं. निघाले नाही. यंत्र चालू करत बसले. बस आलेली मी आतून बघितली, गेलेलीही बघितली. मला भीती वाटली रे. आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"अकरा मिनिटं."

त्यानं मान खाली घातली. आपल्या बुटांकडं बघत होता की गुडघ्याकडं, कळत नव्हतं. "नऊ वर्षं," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी चालतोय, ताई. भर पावसात चाललो. ताप असताना चाललो. लोक हसायचे. मी म्हणायचो, आईसाठी कुणी काहीतरी धरून राहायला नको का?" त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि ते बघणं तिला सोसेना, पण तिनं या वेळी मान वळवली नाही. "त्या कंपनीनं खरं लिहिलं होतं आणि मी त्यांना चोर म्हटलं."

तिला जवळ जाऊन त्याचा हात धरावासा वाटला. पण तो हक्क आता तिच्याकडं होता की नाही, कुणास ठाऊक. वळणावरून बस आली. तिचा आवाज दोघांनीही ओळखला. ती थांब्याशी येऊन उभी राहिली, दार उघडलं. भाऊ तिथंच उभा होता, पाठमोरा झालेला, आणि तिला वाटलं, आता हा चालायला लागणार. त्यानं छत्री बगलेत घट्ट केली. मग तो थांब्याकडं गेला आणि दांडा धरून, दुखरा गुडघा आधी की बरा आधी असा जरासा घोटाळत, पायरीवर चढला. कंडक्टरला काहीतरी विचारलं. तिकिटाचा दर त्याला माहीत नसणार. त्यानं पैसे मोजून दिले. मग तो दारातच वळला.

"संध्याकाळी घरी ये," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग तसाच होता. "मला सगळं सांग. पहिल्यापासून."

दार लागलं. बस निघाली. आत जागा रिकाम्या असूनही तो वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा असलेला तिला दिसला, वळण येईपर्यंत. तिनं आत व्हरांड्यातल्या घड्याळाकडं बघितलं. अकरातली दोन मिनिटं अजून उरली होती. ती तिथंच उन्हात उभी राहिली.